वजनाची वही कोण वाचतं?

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांचा कुठलाही मेळावा घ्या, चहापाणी झालं की एकच विषय निघतो: आमच्यानंतर हिचं काय? मग बोलणं सुरू होतं ते जागेचं. संस्था कुठे आहे, डिपॉझिट किती घेतात, प्रतीक्षायादी केवढी, मुलींना घेतात का, फीट येत असतील तर चालतं का. जागा मिळाली की आईवडील सुटकेचा श्वास टाकतात आणि प्रश्न मिटला, असं सगळे नातेवाईक धरून चालतात. देखरेखीविषयीची ही पुस्तिका तिथून पुढे सुरू होते. जागा मिळाली, सामान पोचलं, फॉर्मवर सह्या झाल्या. आता तिथे त्या माणसाचं बरं चाललंय की नाही, हे कोणी पाहायचं, कसं पाहायचं आणि किती वेळा?

शाळा असते तोवर मुलाकडे कोणी ना कोणी बघत असतं. विशेष शिक्षिका असते, प्रगतिपुस्तक असतं, स्पीच थेरपीची तारीख असते. अठरा पूर्ण झाली की हे सगळं एकदम आटतं. बालगृहात वाढलेल्या अनाथ मुलांचं तर आणखी कठीण, कारण कायद्याच्या लेखी ती त्या दिवसापासून बालक उरत नाहीत आणि तिथे राहण्याचा त्यांचा आधारच जातो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत की अनाथ दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नका, त्यांचं पुनर्वसन आजन्म असू द्या. त्यांनी मुलांना स्वतःचं आडनाव दिलं, काहींची लग्नं लावून दिली. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, सत्कारही भरपूर झाले. अठरानंतरचा प्रश्न मात्र राज्यातल्या बहुतेक बालगृहांच्या दाराशी तसाच उभा आहे.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांगांची नोंद झाली, त्यात बौद्धिक दिव्यांग सुमारे 15 लाख. घरोघरी फिरलेल्या कुणालाही हा आकडा कमीच वाटेल. यातले बहुसंख्य लोक घरीच राहतात आणि त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी संस्थांविषयी, कारण देखरेखीच्या नावाखाली जे काही होतं ते तिथेच होतं.

कायदा नाही असं मुळीच नाही. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीच आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अठरानंतर पालकत्व आपोआप चालू राहत नाही, ते या समितीकडून घ्यावं लागतं. अनेक आईबापांना ही गोष्ट बँकेत गेल्यावर कळते. पालक नेमला गेला की त्याने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्चाचा हिशेब. पालक हयगय करत असेल, छळत असेल किंवा पैसे खात असेल, तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढून टाकण्याचा अर्ज करू शकते.

आता हे नीट वाचा. घर, शेत, मुदतठेव यांचा हिशेब दरसाल द्यायचा. त्या माणसाचं वजन, दात, झोप, कपडे, मित्र यांचा हिशेब दरसाल कुणाला द्यायचा, हे कायदा सांगत नाही. कुणी तक्रार केली तरच माणसाकडे लक्ष जाणार. आणि तक्रार करण्याची ज्याची कुवत सगळ्यात कमी, त्याच्यासाठी ही व्यवस्था आहे!

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने पुढचं पाऊल टाकलं. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर नोंदणीचं प्रमाणपत्र हवं, अटी मोडल्या तर ते रद्दही होऊ शकतं. कलम 7 तर प्रत्येकाने घरात लिहून ठेवावं असं आहे: दिव्यांग व्यक्तीचा छळ किंवा शोषण होतंय, झालंय किंवा होण्याचा संभव आहे, असं वाटणारा कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो आणि दंडाधिकाऱ्याने ते थांबवण्यासाठी पावलं उचलायची असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर तहसीलदाराकडे जायचं. पोलीस ठाण्याची पायरी चढायला जे घाबरतात, त्यांनाही तहसील कचेरी ओळखीची असते. मात्र या कलमाखाली अर्ज घेऊन कुणी गेलं, तर टेबलापलीकडचा कारकून आधी चष्मा पुसतो, असा पालकांचा अनुभव आहे. आणखी एक गोम आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळलं. ते योग्यच केलं, कारण हा आजार नाही. पण त्यामुळे मनोरुग्णांसाठी त्या कायद्याने जी स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळं आणली, त्यांची नजर या संस्थांपर्यंत पोचत नाही.

मग नजर कधी पोचते? वर्तमानपत्रात छापून आल्यावर. 1994 साली शिरूरच्या सरकारी गृहातल्या काही मुलींचे आणि स्त्रियांचे गर्भाशय पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आले. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता सांभाळता येत नाही, हे त्यामागचं कारण. स्त्री संघटनांनी आवाज उठवला म्हणून पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या कवडास इथल्या बालगृहातल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या समितीमार्फत राज्यभरातल्या अशा गृहांकडे पाहायला सुरुवात झाली. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागातल्या ‘आशा किरण’ या सरकारी गृहात एका महिन्यात दहाहून अधिक जण दगावले. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं तिथे कोंबलेली होती. तिथलं पाणी तपासून घ्या, हे सांगायलाही उच्च न्यायालय लागलं. तिन्ही ठिकाणी सरकारी कागद होते, अधिकारी होते, वार्षिक अहवाल होते.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर वाचकाला वाटेल की संस्था म्हणजे छळछावण्या. ज्या वर्षी शिरूर घडलं, त्याच 1994 साली, त्याच पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या कोळवणला ‘साधना व्हिलेज’ सुरू झालं. तिथे प्रौढ बौद्धिक दिव्यांग कुटुंबासारखे गटागटाने राहतात आणि हाताला काम असतं. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणी गावात ‘घरकुल’ उभं केलं, तेही आईबापांनी एकत्र येऊन. महाराष्ट्राने या क्षेत्रात पुष्कळ केलं आहे. पण चांगली संस्था चांगली आहे हे आपल्याला कशावरून कळतं? चालवणाऱ्यांच्या नावावरून, त्यांच्या त्यागाच्या गोष्टींवरून. ती माणसं गेली, दुसरी पिढी आली, की मग कशावरून कळणार?

तपासणीची यंत्रणा भक्कम केली की झालं, असं वाटत असेल त्यांनी ब्रिटनकडे पाहावं. तिथे हा प्रश्न साठ वर्षं चघळला जातो आहे. 1967 मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या ईली रुग्णालयातल्या हालअपेष्टा एका वर्तमानपत्राने बाहेर काढल्या. जेफ्री हाऊ नावाच्या वकिलाने चौकशी केली (हेच गृहस्थ पुढे परराष्ट्रमंत्री झाले) आणि 1969 च्या त्यांच्या अहवालानंतर रुग्णालयांना भेटी देणारी स्वतंत्र सेवा स्थापन झाली. तेव्हापासून कायदे होत गेले, नियामक संस्था बदलत गेल्या आणि 2009 मध्ये इंग्लंडात केअर क्वालिटी कमिशन आलं. निरीक्षक, श्रेणी, जाहीर अहवाल, सगळं आलं.

आणि तरी विंटरबोर्न व्ह्यू घडलं. ब्रिस्टल शहराजवळचं हे 24 खाटांचं खासगी रुग्णालय बौद्धिक दिव्यांग आणि ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी होतं. एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड घेतले जात, तेही सरकारी तिजोरीतून. टेरी ब्रायन या तिथल्या वरिष्ठ परिचारकाने ऑक्टोबर 2010 मध्ये व्यवस्थापनाला लेखी कळवलं की इथे काय चाललंय ते बघा. मग नियामक संस्थेलाही कळवलं. कोणी हललं नाही. शेवटी बीबीसीचा एक वार्ताहर मदतनीस म्हणून नोकरीला लागला, पाच आठवडे छुपा कॅमेरा घेऊन वावरला आणि 31 मे 2011 च्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात देशाने ते पाहिलं: माणसांना लाथा, खुर्चीखाली दाबून धरणं, शिक्षा म्हणून अंगावर गार पाणी. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले.

पुढच्या वर्षी मार्गारेट फ्लिन यांनी लिहिलेला चौकशी अहवाल आला. मारहाणीपेक्षाही त्या अहवालातली एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. तिथे काही लपलेलंच नव्हतं. पोलिसांकडे काही घटना गेल्या होत्या, जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागाकडे जखमी माणसं गेली होती, स्थानिक परिषदेकडे इशारे गेले होते. खुद्द विंटरबोर्नच्या कागदांत 2010 या एका वर्षात माणसांना बळाने धरून ठेवल्याच्या 379 नोंदी होत्या. 24 खाटा आणि 379 नोंदी, म्हणजे रोज एकाहून जास्त. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता आणि ते तुकडे एका टेबलावर मांडणं हे कुणाचंच काम नव्हतं. घरचे लोक लांबून भेटायला येत, पण त्यांना भेटीच्या खोलीत बसवलं जाई. राहण्याच्या खोल्यांपर्यंत जाण्याची मुभा नव्हती.

त्यानंतर शपथा झाल्या. अशा रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्या माणसांना जून 2014 पर्यंत घरी किंवा घराजवळ नेऊ, असं सरकारने सांगितलं. ती तारीख उलटली. आणि मे 2019 मध्ये त्याच ‘पॅनोरामा’ने डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलमध्ये पुन्हा तेच दाखवलं. तिथे तर 2015 मध्ये एका निरीक्षकाने गडबड हेरली होती, पण त्याचा अहवाल प्रसिद्धच झाला नाही. 2017 मध्ये त्या जागेला ‘चांगले’ असा शेरा मिळाला होता. तपासणी झाली होती, श्रेणी मिळाली होती आणि आत माणसं भेदरलेली होती.

एवढं सगळं परदेशी सांगण्याचं कारण म्हणजे आपल्याकडच्या एका निवासी संस्थेतली वजनाची वही. आम्ही संस्थांना भेटी देऊन पाहणी करणाऱ्या भेट समितीचे सदस्य म्हणून गेलो होतो. संस्था वाईट नव्हती. फरशी स्वच्छ, स्वयंपाकघर नीट, भिंतीवर आठवड्याचा आहारतक्ता. वजनाची वही मागितली तर लगेच मिळाली, लाल अक्षरात मथळे आखलेली. प्रत्येकीचं एक पान, दर महिन्याच्या पाच तारखेला नोंद, खाली सही. चाळिशीतल्या एका बाईच्या पानावर आकडे होते: 52, 51, 51, 49, 48, 46, 44. एकही महिना चुकलेला नव्हता. वरून खाली कुणी वाचलं नव्हतं, एवढंच.

मग तिला सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. “ती पोळी पानातच ठेवते हल्ली. मऊ भात असला तर खाते. गालाला हात लावला तर झटकते.” हे त्यांनी कुणाला सांगितलं का? “कोण विचारतं?” दाढा किडल्या होत्या. बाई बोलू शकत नव्हती, चावू शकत नव्हती आणि तिच्या वाटची पोळी शेजारची मैत्रीण आनंदाने खात होती. ताट रिकामं परत जाई, त्यामुळे स्वयंपाकघराच्या नोंदीत ‘पूर्ण जेवली’ असं येई. वहीला माहीत होतं, मावशींना माहीत होतं, पण वही आणि मावशी यांची गाठ पडलेली नव्हती. दंतवैद्याकडे दोन खेपा झाल्यावर ती बाई पोळी खाऊ लागली.

या पुस्तिकेत सांगायची मुख्य गोष्ट माझ्या मते हीच आहे. आपण इमारतीची तपासणी करतो, ट्रस्टची करतो, पावतीपुस्तकाची करतो. एकेका माणसाची करत नाही. शंभर जणांच्या संस्थेला एक शेरा मिळतो, तो त्यातल्या एकाही माणसाबद्दल काही सांगत नाही. देखरेख व्हायची तर ती नावानिशी व्हायला हवी. हा अमुक, याची गेल्या वर्षी काय स्थिती होती, आज काय आहे, फरक का पडला, आणि त्यावर कोण काय करणार.

अशी देखरेख आपल्याकडे का रुजत नाही? पैसा, माणूसबळ ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे, त्याविषयी आपण उघड बोलत नाही. ते म्हणजे उपकाराची भावना. आपल्याकडे हे काम सेवा म्हणून उभं राहिलं. कुणी सोन्याच्या बांगड्या मोडून शेड बांधली, कुणी नोकरी सोडली. अशा माणसाला ‘तुमची औषधांची वही दाखवा’ असं विचारणं म्हणजे देवळात पुजाऱ्याकडे दक्षिणेचा हिशेब मागण्यासारखं वाटतं. संस्थाचालकही दुखावतात: आम्ही आयुष्य दिलं आणि आमच्यावर संशय? पालकांची जीभ तर आधीच बांधलेली असते. प्रतीक्षायादीत पाच वर्षं थांबून जागा मिळालेली असते. मुलाच्या पाठीवर वळ दिसला तर बाप विचार करतो की बोललो आणि ‘मग घेऊन जा’ म्हणाले, तर? मी सत्तरी पार केलेला, बायको अंथरुणाला खिळलेली. तो वळ बघतो आणि येताना ऑफिसात लाडूचा डबा देऊन येतो.

म्हणून देखरेख पालकांच्या धैर्यावर टांगून ठेवता येणार नाही. आणि ती संशय म्हणूनही मांडता येणार नाही. उलट, ज्या संस्थाचालकांनी स्वतः बाहेरच्या लोकांना आत घेतलं, वह्या उघड्या ठेवल्या, त्यांची रात्रीची झोप जास्त शांत असते असं मला दिसलं आहे. काही चुकलं तर ते लवकर कळतं आणि दोष एकट्या कर्मचाऱ्याच्या माथी बसत नाही.

पुस्तिकेतलं भेटीविषयीचं प्रकरण मला सगळ्यात कामाचं वाटतं. तीन डिसेंबरचा दिव्यांग दिन, पंधरा ऑगस्ट, राखी, दिवाळीचा फराळ, या दिवशी जाऊन काही कळत नाही. त्या दिवशी सगळ्यांचे केस विंचरलेले असतात, गाणं बसवलेलं असतं आणि पाहुण्यांचे मोबाइल वर असतात. संध्याकाळी साडेसहाला, कुठल्याही बुधवारी, न सांगता जा. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का ते बघा. प्रत्येकाचं स्वतःचं कपाट आहे का आणि त्यात त्याचेच कपडे आहेत का. आतल्या कपड्यांवर नावाची टीप घातली आहे की धुऊन आलेल्या ढिगातून हाताला येईल ते चढवलं जातं. बायकांना पाळीच्या दिवसांत काय आणि किती मिळतं. रात्री किती जणांमागे एक माणूस जागा असतो. आणि मावशींना शेवटची सुट्टी कधी मिळाली. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. चोवीस तास, महिनोन्‌महिने, तुटपुंज्या पगारावर जी बाई दहा जणींचं हगणंमुतणं काढते, तिचा हात एखाद्या दिवशी उठला तर त्याची सुरुवात त्या दिवशी झालेली नसते. कर्मचाऱ्याचा आठवडा न पाहता केलेली देखरेख अर्धीच होते.

आरोग्याच्या नोंदींचं प्रकरण काहींना किळसवाणं वाटेल. शौचाची वही कशाला? तर बौद्धिक दिव्यांग प्रौढांमध्ये जुनाट बद्धकोष्ठ जीवघेणं ठरू शकतं आणि इंग्लंडमध्ये अशा मृत्यूंच्या चौकशा झाल्या आहेत. फीटच्या आणि मनोविकाराच्या काही औषधांनी पोट आणखी जड होतं. माणूस सांगू शकत नाही, मग तो डोकं आपटतो, आणि आपण म्हणतो ‘हल्ली फार आक्रमक झालाय’ आणि औषधाचा डोस वाढवतो. त्याने पोट आणखी बांधलं जातं. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉइडचा त्रास जास्त होतो आणि चाळिशी-पन्नाशीतच विस्मरण सुरू होऊ शकतं. ‘आळशी झाली’ म्हणून ते सोडून दिलं जातं. फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजतात. 2013 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चौकशीत दिसलं की ही माणसं इतरांच्या तुलनेत सरासरी 16 वर्षं आधी जातात आणि त्यातले कितीतरी मृत्यू वेळेवर निदान आणि उपचार झाले असते तर टळले असते. तिथे आता चौदा वर्षांपुढच्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी डॉक्टरांकडे वार्षिक तपासणीची सोय आहे. आपल्याकडे निरामय विमा योजना एक लाखापर्यंत खर्च देते, ते चांगलंच आहे. पण विमा आजार कळल्यावर कामाला येतो आणि आजार कळायला आधी कुणीतरी वहीचं पान वरून खाली वाचायला हवं.

या प्रकरणातला चार पानी तक्ता मात्र मला पटलेला नाही आणि तसं मी संपादकांना सांगितलं आहे. चाळीस रकाने भरायला दिले की माणसं टिचक्या मारत सुटतात. वजन, शौच, फीट, झोप, औषधं आणि ‘आज काय वेगळं दिसलं’ ही एक मोकळी ओळ, एवढं रोज खरं लिहिलं आणि महिन्यातून एकदा कुणी बसून वाचलं, तर चाळीस रकान्यांपेक्षा जास्त कळेल. संपादकांनी तक्ता ठेवला आहे. वाचकांनी वापरून ठरवावं.

आणि त्या माणसाला स्वतःला विचारायचं की नाही? विचारायचंच, पण विचारायची रीत शिकावी लागते. “जेवण चांगलं असतं ना?” “हो.” “जेवण वाईट असतं ना?” “हो.” मोठ्या माणसाला हो म्हणायचं, ही आयुष्यभराची शिकवण असते. त्यापेक्षा दोन फोटो पुढे ठेवावेत, ताटाला ताट लावून जेवावं, खोली दाखव म्हणावं. कुठल्या दारापाशी तो थबकतो, कुठला आवाज आला की खांदे आखडतात, हे दिसतं. इंग्लंडमधल्या तपासणी पथकांत अशा सेवा स्वतः अनुभवलेल्या माणसांनाही घेतात, त्यात बौद्धिक दिव्यांग व्यक्तीही असतात. निरीक्षकाला जे सांगितलं जात नाही, ते त्यांना सांगितलं जातं. आपल्याकडे 2009 मध्ये चंदीगडच्या सरकारी गृहातल्या एका तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केलं. तिच्यावर अत्याचार झाला होता, ती गरोदर होती आणि प्रशासनाला गर्भपात करवून घ्यायचा होता. तिला मूल हवं होतं. न्यायालयाने तिच्या इच्छेचा मान राखला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तिचं म्हणणं ऐकता येत असेल, तर भेट समितीला कुणाचं म्हणणं ऐकणं जड जाऊ नये.

एक धोका इथेच सांगतो. देखरेख वाढली की संस्था घाबरतात आणि घाबरलेली संस्था आधी दारं लावते. पडेल म्हणून जिना बंद, हरवेल म्हणून बाजार बंद, भाजेल म्हणून स्वयंपाकघर बंद. वर सीसीटीव्ही बसवायचा, जो कुणीच बघत नाही आणि ज्याच्यापुढे माणसं कपडे बदलतात. वर्षभरात एकही अपघात नाही, असा अहवाल आला तर मला आधी शंका येते की इथली माणसं वर्षभर खुर्चीवर बसून होती का. या महिन्यात तो बाजारात गेला का, स्वतःच्या हाताने काही विकत घेतलं का, मित्राशी भांडला का, हेही वहीत यायला हवं.

राहिली घरं. ऐंशी वर्षांची आई आणि पंचावन्न वर्षांचा मुलगा, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या घराची नोंदणी नाही, तिथे निरीक्षक जात नाही आणि जावा असंही मी म्हणणार नाही. पण मदतीच्या नावाने त्या घरात सरकारचा एकच कागद फिरतो, तो हयातीच्या दाखल्याचा. निराधार अनुदान असो की कुटुंब निवृत्तिवेतन, वर्षातून एकदा तो जिवंत आहे का, एवढं विचारलं जातं. इथे देखरेख कायद्याने येणार नाही. ती भावंडांना, सोसायटीतल्या लोकांना, खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना करावी लागेल, आणि आईवडील धडधाकट आहेत तेव्हापासून. घरातल्यांसाठी पुस्तिकेच्या शेवटी जे दोन पानी पत्रक आहे (त्याला काय आवडतं, काय दुखलं की तो काय करतो, कुठली औषधं, कुणाच्या हातून खातो), ते आजच भरून ठेवा. आई गेल्यावर ते भरता येत नाही, कारण ही उत्तरं बहुतेक घरांत फक्त आईला माहीत असतात.

भावंडांना एक वेगळी विनंती. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल, अमेरिकेत असाल, पैसे पाठवत असाल. महिन्याला एक व्हिडिओ कॉल करा, पण तो त्याच्या खोलीतून करायला सांगा, ऑफिसातून नको. वर्षातून एकदा वजनाचं पान मागवा.

आणि इतर वाचकांना, ज्यांच्या घरात असं कुणी नाही, त्यांनाही एक काम देतो. तुमच्या जिल्ह्यात राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तर समिती आहे का, तिचे सदस्य कोण, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि जिल्ह्यातल्या किती निवासी संस्थांकडे 2016 च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे, हे चार प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं.